दहा कमी

पडदे लावून झाले आणि मी स्टुलावरून उतरून जरा मागे सरकले, तर खाली उजेड. खिडकीच्या खालच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या वितीची उघडी पट्टी, आणि तिच्यातून समोरच्या इमारतीचा जिना, जिन्यात कुणीतरी उलटी करून ठेवलेली बादली, सगळं कसं व्यवस्थित दिसत होतं. मला आधी वाटलं, दांडाच वर बसलाय. दांडा चाचपून पाहिला. मग वाटलं, कापडाला घड्या आहेत, सुटतील. ओढून पाहिलं. कापड कशाला सुटतंय. बाबा पलंगावर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला आणि म्हणाले, "आखूड झालाय." एवढंच. या माणसाने आणि आईने मिळून उभी हयात लोकांच्या घरचे पडदे शिवले, सोफ्यांचे अभ्रे शिवले, गाद्यांच्या खोळी शिवल्या, आणि त्यांच्या हातचं कधी काही आखूड झालेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणजे हा शब्द आमच्या घरात फक्त दुसऱ्यांच्या कामाबद्दल वापरला जायचा, तोही आवाज खाली करून, आजाऱ्याबद्दल बोलावं तसा. मी म्हटलं, बाबा, तुम्ही काही काळजी करू नका, मी बघते त्या दुकानदाराकडे. आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत बसले. पडद्यामुळे नाही. दादामुळे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दुसऱ्या शहरात असतो, त्याचं घर मोठं आहे, वहिनी दिवसभर घरी असते, आणि आई गेल्यापासून त्याचा एकच धोशा होता की बाबांना माझ्याकडे पाठव. तू दिवसभर ऑफिसात, ते दिवसभर एकटे, आणि आता ते विसरायला लागलेत. विसरायला लागलेत, हे तो असं म्हणायचा की जणू डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या खिशात आहे. झालं काय होतं, तर बाबांनी एकदा नळ उघडा ठेवला. आणि एकदा फिरायला म्हणून गेले ते माझ्या या घराकडे न येता त्यांच्या आणि आईच्या जुन्या घराकडे गेले आणि तिथल्या जिन्यात बसून राहिले. नळ तर मीही उघडा ठेवते. पण दादाच्या मनाने घेतलं होतं. मागच्या फोनवर त्याने स्पष्टच सांगितलं की अजून एकदा असं काही झालं तर मी गाडी घेऊन येणार आणि त्यांना घेऊन जाणार, तू मध्ये पडू नकोस. आणि मला तर बाबा हवे होते. सरळ सांगायचं तर मला फक्त तेच हवं होतं. माझं लग्न झालं आणि मोडलं, त्याची कुणी आता आठवणही काढत नाही, आणि ज्या वयात बायका सुनांची गाऱ्हाणी सांगतात त्या वयात मी संध्याकाळी घरी येऊन दिवा लावत होते, तोही स्वतःच. बाबा आले तेव्हापासून मी येण्याआधी घरात दिवा लागलेला असायचा. खालून, बसथांब्यावरूनच दिसायचा. कोणाला यात काय एवढं वाटेल, पण माझे पाय त्या दिव्याकडे बघून भराभर पडायचे. तेव्हा पडदा आखूड झाला म्हणजे काय झालं, हे माझ्या लक्षात लगेच आलं. माप बाबांनी दिलं होतं.

पण माप मी स्वतः घेतलं होतं की. तेच तर. खिडकी पूर्वेची, सकाळचं ऊन थेट त्यांच्या उशीवर यायचं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना ते सोसायचं नाही, म्हणून पडदे करायचे ठरलं. मशीन तर आई गेल्यावर त्यांनी विकून टाकलेलं. मला वाटलं होतं, दुसऱ्याकडून शिवून घ्यायचं म्हटलं तर रुसतील, पण उलट हसले. म्हणाले, करू या, बघू तरी लोक कसं शिवतात. रविवारी सकाळी मी स्टुलावर चढले, माझ्या हातात पोलादी टेप, नवीकोरी, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी, आणि बाबा खाली पलंगाच्या कडेला, कानावरची पेन्सिल हातात घेऊन, मांडीवर एका पाकिटाची मागची बाजू. "हं, बोल," म्हणाले. मी वरून आकडा सांगितला. एकशे सत्तर. नुसता आकडा, पुढे सेंटीमीटर वगैरे काही नाही. त्यांनी मान खाली घालूनच लिहिला. लहानपणी शाळेतून आल्यावर दारातून मी हेच बघत आलेले. आई वर, बाबा खाली. आई एक आकडा फेकायची, बाबा तो झेलून कागदावर ठेवायचे, दोघं एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत. गिऱ्हाइकाच्या घरी मोजायला जायचे तेव्हाही तसंच असणार. आम्हा भावंडांना त्यात कधी हात लावू दिला नाही. आई म्हणायची, तुमचे हात अभ्यासाला ठेवा. त्यामुळे त्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या रविवारी स्टुलावर उभी राहून आकडा सांगताना मला फार छान वाटलं होतं, उशिरा का होईना आपल्याला आत घेतलं, असं काहीसं. बाबा नंतर तो कागद घेऊन स्वतः दुकानात गेले, कापड स्वतः निवडलं, काउंटरवरच्या मुलीला माप वाचून दाखवलं, तिने ते कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि कागद तिच्या टेबलाखालच्या डब्यात गेला. एकशे सत्तरचा पडदा एकशे साठ कसा झाला, याला आता साक्षीदार कोणी नव्हता. पण मला साक्षीदार कशाला हवा होता. आकडा माझ्याच तोंडून गेला होता.

दुकानात गेले तर काउंटरच्या मागे ठळक अक्षरांत पाटी होती की मापाने शिवलेला माल परत घेतला जाणार नाही. दुकानदार सभ्य माणूस होता, त्याने मला खुर्ची दिली, आणि मग बोटाने ती पाटी दाखवली. मी म्हटलं, अहो, पाटी काय, मीही लिहून लावीन. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या फोनवर बसते. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकते आणि त्या शिव्यांमधून तक्रार वेगळी काढते. त्यामुळे तक्रार कुठे टिकते आणि कुठे पडते हे मला न शिकता कळतं. मापाने केलेला माल आवडला नाही म्हणून परत करता येत नाही, हे कबूल. रंग पटला नाही, मन बदललं, तर ते आपल्या नशिबाने. पण दिलेल्या मापाप्रमाणे तो झालाच नसेल, तर दुकानाने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, नाहीतर नवा करून द्यायचा, आणि भिंतीवर कितीही मोठी पाटी लावली तरी गिऱ्हाइकाचा हा हक्क पाटीखाली झाकला जात नाही. दुकानदार शांतपणे म्हणाला, बरोबर आहे ताई, पण माप तुमच्या वडिलांनी एकशे साठच सांगितलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काकांनी साठच सांगितलं, मी परत वाचूनही दाखवलं होतं. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि ते ती बोटांनी पिळत होती. मला तिची दया यायला हवी होती. पण मी तिच्यावर घसरले. म्हटलं, तुझं लक्ष मोबाइलमध्ये असणार. तिचा चेहरा उतरला. मला तेव्हा तिचा चेहरा दिसत होता, पण मी दादाचा बघत होते.

दादाला कुठून कळलं देव जाणे, बहुतेक बाबांनीच भाबडेपणाने फोनवर सांगितलं असणार. त्याचा त्याच दिवशी फोन आला. बघ, म्हणाला. तीस-पस्तीस वर्षं ज्यांनी हेच काम केलं त्यांना एक खिडकी नीट सांगता येत नाही, आणि तू म्हणतेस काही झालेलं नाही. मी म्हटलं, चूक दुकानाची आहे आणि मी ती सिद्ध करणार आहे. तो हसला. म्हणाला, कर, आणि नाही झाली तर मी येतो. असं ते ठरलं. म्हणजे तोंडाने कोणी ठरवलं असं म्हटलं नाही, पण बहीण-भावांत न म्हणता जे ठरतं ते जास्त पक्कं असतं. मी ग्राहक तक्रार केंद्रात अर्ज दिला. बाबा म्हणत होते, जाऊ दे गं, खालून दिसतं तर दिसू दे, जिना तर आहे समोर. मी ऐकलं नाही. ते दिवस मला अजून अंगावर येतात. ऊन रोज सकाळी त्या पट्टीतून येऊन बाबांच्या पापण्यांवर बसायचं, ते कूस बदलायचे, आणि मी दारातून बघायचे आणि मनात म्हणायचे, थोडं थांबा, तुम्ही बरोबर आहात हे मी सगळ्यांच्या तोंडून म्हणवून घेते.

केंद्र म्हणजे एक जुनी खोली, लांब टेबल, लाकडी खुर्च्या, एक खिडकी. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त बाई होत्या, केस पांढरे, आवाज मऊ, शाळेत मराठी शिकवत असतील अशा. एका बाजूला दुकानदार आणि ती मुलगी, दुसऱ्या बाजूला मी आणि बाबा. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी माझं सगळं पाठ केलेलं बोलले आणि चांगलं बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या मुलीला विचारलं. ती बोलता बोलता रडायला लागली. म्हणाली, मालक म्हणतात चूक निघाली तर कामावरून काढणार नाही, पण पुढच्या वेळी माझ्यावर विश्वास कोण ठेवील. बाबा चुळबूळ करायला लागले. त्यांना दुसऱ्याची मुलगी रडलेली कधीच बघवत नाही. ते उठले आणि म्हणाले, बाई, आम्ही माप कसं घेतलं ते करूनच दाखवतो, म्हणजे कोणाचं काय ते कळेल. मला आनंद झाला. खरंच झाला. मला वाटलं, आता बघा म्हणावं. दुकानदाराने खिशातून टेप काढून माझ्या हातात दिली. बाबा खुर्चीवर बसले, मांडीवर कागद, कानावरची पेन्सिल हातात. "हं, बोल." मी टेबलाच्या लांबीवर टेप धरली आणि आकडा सांगितला. एकशे ऐंशी. बाबांनी लिहिलं. बाईंनी कागद घेतला, वाचला, टेपकडे पाहिलं, आणि काही न बोलता तो पालथा ठेवला. म्हणाल्या, आता ती खिडकी घ्या बरं. मी खुर्चीवर चढले. एकशे वीस. बाबांनी मान खाली घालून दुसऱ्या कागदावर लिहिलं. बाईंनी दोन्ही कागद हळूच वर माझ्या हातात दिले. एकशे सत्तर. एकशे दहा.

दुकानदाराला खरं तर बोलायला वाव होता, पण तो भला माणूस खिडकीबाहेर बघत राहिला. मी अजून खुर्चीवरच उभी होते. मनात एकच वाक्य घुमत होतं की संपलं, आता दादा येणार. बाबांनी ते कागद माझ्या हातून घेतले. बराच वेळ बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खाली बसून वर. असं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, घाबरलेत. त्या मुलीकडे वळून ते म्हणाले, "चूक आमची आहे. हिला कोणी काही बोलू नका." आमची म्हणाले, तेव्हा मला वाटलं, माझी आणि त्यांची. दुकानदार म्हणाला, काका, जाऊ द्या, आम्ही खाली त्याच कापडाची पट्टी जोडून देतो, काही नको तुमच्याकडून. बाबा म्हणाले, जोडलेली पट्टी दिसते. आणि बाईंना नमस्कार करून बाहेर पडले.

बाहेर आवारात एक बाक होता, त्यावर बसलो. मी म्हटलं, बाबा, होतं असं, दमलात तुम्ही. ते म्हणाले, दमलो नाही. मग सांगायला लागले, माझ्याकडे न बघता, समोर लावलेल्या स्कूटरींकडे बघत. लग्नानंतर काम सुरू केलं तेव्हा त्यांच्याकडे एकच टेप होती, कापडी. तिचं टोक झिजलं, पितळी चिमटी निघून गेली, सुरुवातीचे आकडे पुसले. नवी घ्यायची तर ओढाताण, म्हणून आईने ती दहाच्या आकड्यावर सरळ कापून टाकली. म्हणजे टेप दहापासूनच सुरू. आईने आकडा जसा दिसेल तसा सांगायचा आणि बाबांनी दहा कमी करून लिहायचा, असं ठरलं. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून आई त्या टोकावर अंगठा ठेवायची. पुढे चार पैसे आले, नव्या टेपा घेता आल्या असत्या, पण आई म्हणाली, आता यावर हात बसलाय, नवी घेतली तर चुकायला होईल. आणि टेप बदलावी लागली तेव्हाही आईने नव्या टेपेचे पहिले दहा कापूनच ती वापरायला घेतली. उभ्या हयातीत एकदाही चुकलं नाही. बाबा हे सांगताना हसत होते. मला एकदम आठवलं, बाबा बढाया मारायला लागले की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, दहा कमी करा. पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायची. बाबा लाजायचे. आम्हाला वाटायचं, आईची बोलायची पद्धत आहे. ती त्यांची दोघांची खाजगी गंमत होती आणि आम्ही पोरं तिच्यात वाढलो आणि आम्हाला पत्ता नाही.

"तू स्टुलावरून बोललीस," बाबा म्हणाले, "तर मला काही वेगळं वाटलंच नाही. तिचाच आवाज आहे तुझा. आकडा तर अगदी तसाच टाकतेस. माझा हात आपोआप गेला." पेन्सिल परत कानावर खोचली. "दादाला वाटतं मी विसरतोय. विसरलो असतो तर बरोबर लिहिलं असतं, पोरी."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी फक्त सांगितलं की हे दादाला सांगू नकोस, आमच्या दोघांतलं होतं ते. आता काय करणार. खरं सांगितलं असतं तर दादाला कदाचित पटलं असतं, कदाचित त्याने म्हटलं असतं, मेलेल्या माणसाचा आवाज ऐकतात म्हणजे तर आणखी कठीण. मी खोटं बोलले. संध्याकाळी फोन करून सांगितलं की चूक दुकानाची निघाली, त्यांनी कबूल केलं. दादा म्हणाला, बरं, मग राहू देत तुझ्याकडे. झालं. जिंकले मी. बाबा पलीकडच्या खोलीत ऐकत होते हे मला माहीत होतं. फोन ठेवून मी मोठ्याने म्हटलं, चला, चहा टाकते, साखर किती, नेहमीचीच ना. उत्तर आलं नाही. जाऊन पाहिलं तर बाबा दाराकडे बघत होते, आणि मी दारात उभी राहिल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, कसं सांगू, बसमधून उतरणाऱ्या माणसांत आपलं माणूस शोधावं आणि शेवटचाही उतरून जावा, तसा. मग लगेच नीट केला. हो हो, नेहमीचीच, म्हणाले.

त्या दिवसापासून हे सुरू झालं, किंवा आधीपासून होतं आणि मला त्या दिवसापासून दिसायला लागलं. मी न्हाणीघरातून हाक मारली की ते अर्धे उठायचे. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं की उत्तर द्यायला उशीर करायचे, आणि त्या उशिरात काहीतरी चाललेलं असायचं. मी समोर आले की ते संपायचं. दिवसातून किती वेळा माणूस घरात बोलतो. आणि मी तर बोलकी, आईसारखीच, तोंडाला टाळा नाही. दिवसभर फोनवर बोलून घसा बसलेला असला तरी घरी आल्यावर माझी टकळी सुरू. प्रत्येक वाक्याला आई घरात यायची आणि माझं तोंड दिसलं की निघून जायची. बाबांना आधी हे कळत नव्हतं. त्यांना फक्त बरं वाटत होतं, माझ्याकडे आल्यापासून झोप लागते म्हणायचे, आणि मी समजत होते, माझ्या सेवेने. त्या खोलीत त्या दोन कागदांनी त्यांना कळवलं की कशामुळे बरं वाटतंय. ते कागद मीच त्यांच्यापुढे आणले. त्यांना बरोबर ठरवायला.

एका संध्याकाळी मी घरी आले तर दिवा लागलेला होता, पण बाबा कपडे आवरत बसले होते. म्हणाले, दादाला फोन केलाय, येतोय रविवारी. मला काही समजेना. मी म्हटलं, अहो पण तो राहू देत म्हणालाय, मी त्याला सांगितलंय सगळं नीट, तुम्हाला कोणी नेत नाहीये. ते म्हणाले, मीच जातोय. मी भांडले. काय कमी पडलं विचारलं, माझ्या हातचं गोड लागत नाही का विचारलं, वहिनीच्या नावाने खडे फोडले, नाही नाही ते बोलले. ते खाली मान घालून घड्या घालत राहिले. घड्या मात्र अशा की कडेला कड. मग म्हणाले, "तुझं काही नाही गं. तू सोन्यासारखी आहेस. पण तुझा आवाज ऐकवत नाही मला आता."

मी म्हटलं, "मी कमी बोलेन."

"तू?" ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो, आणि हसतानाच त्यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा मला कळलं की माझ्या हसण्याचंही तेच आहे.

पुढचे दिवस मी खरोखर कमी बोलले. हाताने खुणा केल्या. जेवायला या, तर ताट वाजवलं. त्यानेही बरं झालं नाही, घर नुसतं भकास झालं, आणि मी रात्री उशीत तोंड खुपसून माझ्याच आवाजाला शिव्या घातल्या, त्याही आवाज न करता. रविवारी दादा गाडी घेऊन आला. खुशीत होता, पण दाखवत नव्हता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, शेवटी पटलं ना तुला, अगं त्यांचंच भलं आहे यात. मी मान हलवली. खरं सांगितलं असतं तर त्याचा हात खांद्यावरून गळून पडला असता, पण ते दोघांतलं होतं, आणि आता मी त्यात तिसरी होते, निदान गप्प राहण्यापुरती. बाबा गाडीत बसले. मला म्हणायचं होतं, पोचल्यावर कळवा, पाणी गरम करूनच प्या, पायाला तेल लावा. काहीच म्हटलं नाही. काचेवर हात ठेवला. त्यांनी आतून त्याच जागी ठेवला. गाडी गेली. दादा नंतर फोनवर म्हणाला, किती कोरडी गं तू, निरोपाचा शब्दसुद्धा काढला नाहीस, म्हातारा माणूस वाट बघत होता. मी म्हटलं, घसा बसला होता.

आता संध्याकाळी येते तर बसथांब्यावरून माझी खिडकी काळी दिसते. पडदे तसेच आहेत. मी त्या खोलीत झोपत नाही. दादा दर आठवड्याला सांगतो की बाबा एकदम ठणठणीत आहेत, विसरणं वगैरे काही नाही, तूच त्यांना नीट सांभाळत नव्हतीस बहुतेक. मी ऐकून घेते, ऐकून घेण्याचाच मला पगार मिळतो. बाबा स्वतः फोनवर यायचे नाहीत. दादाकडून निरोप द्यायचे. मग एका दुपारी, घरात बहुतेक कोणी नसताना, त्यांचा फोन आला. "काही नाही," म्हणाले, "तू बोल. मी नुसता ऐकतो." मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, बाबा, कसे आहात, औषध घेताय ना बाबा. पलीकडून श्वास ऐकू आला, आणि मग घाईघाईने, हो हो, घेतो, ठेवतो आता. ठेवला. मी फोन हातात धरून बसले. माझं काय चुकलं ते शोधत होते. तक्रारीच्या फोनवर माणूस कोणत्या शब्दाला फोन आपटतो ते कळायला लागतं, तसं मला हळूहळू कळलं. फोनवर माझं तोंड तर दिसत नाही, तो एक शब्दच आड आला होता.

काल परत आला. तू बोल, म्हणाले. मी बोलले. पाणी दोन दिवस उशिरा येतंय, शेजारणीने दार रंगवलं आणि तो रंग तिलाच आवडत नाहीये, भाजीवाला आता चिल्लर नाही म्हणून लिंबं हातावर ठेवतो. पलीकडे ते हं, हं म्हणत होते, जेवणानंतर आडवं पडल्यावर म्हणतात तसं. एकदा हसलेही. मी बोलत राहिले, घसा कोरडा पडला तरी थांबले नाही. बराच वेळ बोलले. आणि एवढ्या वेळात मी एकदाही त्यांना बाबा म्हटलं नाही.